घरी बांधलेली पाणबुडी : ग्लँड कोरडा, तरी तारेच्या टोकातून आत पाणी

खाणीतला_मासा (भोसरी)

नमस्कार मंडळी,

माझ्या छोट्या मशीन शॉपमध्ये गेली तीन वर्षे सुट्टीच्या दिवशी एका माणसापुरती पाणबुडी बांधण्याचा उद्योग चालू आहे. कवच १० मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे असून उद्दिष्ट २० मीटर खोलीचे आहे. आत अजून माणूस बसवलेला नाही आणि एवढ्यात बसवणारही नाही. ओळखीच्या एका गृहस्थांची पाण्याने भरलेली जुनी दगडखाण आहे, तिथे त्यांच्या परवानगीने क्रेनच्या दोराला बांधून ती रिकामीच बुडवतो आणि काठावरून केबलने पंख हलवून पाहतो.

मागचे आडवे पंख वर-खाली करण्यासाठी मी कवचाबाहेर १२ व्होल्टचा एक ॲक्च्युएटर (विजेच्या मोटरीने दांडा सरकवणारे यंत्र) बसवला आहे. त्याचा दांडा २० मिलिमीटर व्यासाचा असून १५० मिलिमीटर पुढे-मागे सरकतो. त्यावर ‘आयपी ६६’ असा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा छापलेला आहे. तरीही खबरदारी म्हणून झाकणाच्या सांध्यावर सगळीकडून सिलिकॉन लावले होते. त्याची दोन मीटर केबल मागच्या तबकडीतील पितळी ग्लँडमधून (केबलभोवती आवळून बसणाऱ्या बुचातून) आत येऊन रिले बोर्डावर (विजेने चालणाऱ्या स्विचांच्या पट्टीवर) संपते.

गेल्या रविवारी सहा मीटरवर साधारण दहा मिनिटांत ॲक्च्युएटर बंद पडला. वर काढून उघडला, तर आतले पांढरे ग्रीस पाण्यात घुसळून ताकासारखे झाले होते. त्याचे मला फारसे आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य वाटले ते आत ठेवलेल्या मोबाइलची चित्रफीत पाहताना. ग्लँडवर टॉर्चचा उजेड पडला होता आणि तो शेवटपर्यंत ठणठणीत कोरडा होता. मात्र लाल तार रिलेच्या स्क्रूखाली जिथे संपते, तिथे तांब्याच्या टोकावर एक थेंब फुगत होता, चार-पाच सेकंदांनी बोर्डावर पडत होता आणि लगेच दुसरा धरत होता. केबलचे आवरण मी बोटाने चाचपून पाहिले, कुठेही चीर नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे पाणी नेमके कुठून आले? आणि ॲक्च्युएटर पाणीबंद करायचा, तर आणखी जाड सीलंट लावावे की तो सबंध एखाद्या पेटीत घालावा?

वाइंडिंगवाला_मिरज

नमस्कार. मी पाणबुडी कधी बांधलेली नाही, पण विहिरी-बोअरच्या पंपांच्या पाणबुडी मोटरींचे वाइंडिंग आयुष्यभर भरत आलो आहे आणि तुमचे दुखणे ओळखीचे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. तुम्ही वापरलेली तार भरीव नाही. तिच्यात बारीक तांब्याचे पंचवीस-तीस पदर असतात आणि गोल पदर कितीही पिळले तरी त्यांच्यामध्ये फटी राहतातच. म्हणजे प्लास्टिकच्या आवरणात तांब्याने भरलेली एक अरुंद नळीच तुम्ही कवचाच्या आत नेली आहे. ॲक्च्युएटरमध्ये पाणी भरले, ते तारेच्या उघड्या टोकाशी पोहोचले आणि सहा मीटर पाण्याचा दाब, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.६ किलो, त्याला मागून ढकलत राहिला. कवचाच्या आत साधी हवा असल्यामुळे पाण्याला जायला वाट मोकळीच होती. ग्लँड केबलच्या बाहेरून घट्ट बसतो. केबलच्या पोटातून काय जाते आहे, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. तुमच्या कवचाला छिद्र पडले ते ॲक्च्युएटरपाशी.

विहिरीवरून काढलेली जुनी केबल आम्ही सोलतो, तेव्हा हेच दिसते. खाली एका ठिकाणी उंदराच्या दाताएवढी इजा झालेली असते आणि तिथून वर दोन-तीन मीटरपर्यंत तांबे काळेहिरवे पडलेले असते. अशा तांब्यावर डागही (सोल्डरही) धड बसत नाही. म्हणून तुमची ती केबल वाळवून पुन्हा वापरू नका, सरळ फेकून द्या.

यावर उपाय असा की, तार कवचातून जाते त्याच ठिकाणी तिच्यातील फटी बंद कराव्यात. पितळेची किंवा स्टीलची एक पोकळ बोल्टसारखी बुशी लेथवर करून घ्या. तिच्या डोक्याखाली खाच पाडून ओ-रिंग (रबरी कडी) बसवा, म्हणजे कवच आणि बुशी यांच्यातला प्रश्न मिटेल. केबल बुशीतून ओवण्याआधी जो भाग बुशीच्या पोटात येणार आहे, तिथे बाहेरचे आवरण काढा आणि प्रत्येक तारेचे इन्सुलेशन १५ ते २० मिलिमीटर सोला. दोन्ही तारांचे उघडे भाग समोरासमोर येऊ देऊ नका, एक वर आणि एक खाली असे ठेवा. त्या उघड्या भागात शिसे-कथलाचा डाग पदरांच्या आतपर्यंत मुरेल इतका तापवून भरा, म्हणजे तेवढ्यापुरती तार भरीव होते. मग बुशी इपॉक्सीने भरा. पाच मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी पाण्यात टिकत नाही, त्यामुळे चोवीस तास लागणारेच घ्या. एकदम ओतले तर ते तापते, बुडबुडे धरते आणि तडकते, म्हणून दोन-तीन थरांत ओता. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे बुशीच्या मध्ये प्रत्येक तारेसाठी पितळेचा भरीव स्टड ठेवायचा आणि दोन्ही बाजूंच्या तारा त्याला डागायच्या. भरीव धातूतून पाणी चढत नाही.

केबलचे आवरण कशाचे आहे तेही पाहा. पॉलिथिन, सिलिकॉन आणि टेफ्लॉन यांना इपॉक्सी चिकटतच नाही. वरवर चिकटल्यासारखे दिसते आणि दाब आला की मोजा काढावा तसे निघून येते. पीव्हीसी पॉलिश पेपरने खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतले तर बरे चिकटते. पॉलियुरेथेनचे आवरण आणि पॉलियुरेथेनचेच रेझिन ही जोडी माझ्या अनुभवात सगळ्यात चांगली.

आता सिलिकॉनविषयी. लावताना त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता का? येत असेल तर त्यातून सुटणारे आम्ल तांबे खाते. विजेच्या कामाला बिनवासाचे, न्यूट्रल जातीचे सिलिकॉन मिळते, तेच वापरायचे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्या धंद्यातलेच आहे. शंभर मीटर खोल बोअरमध्ये चालणारी मोटर पाणी बाहेर ठेवून चालते, असे बऱ्याच जणांना वाटते. प्रत्यक्षात आम्ही बसवण्याआधी त्या मोटरीत स्वच्छ पाणी आमच्या हातानेच भरतो. वाइंडिंगची तारच प्लास्टिकच्या आवरणाची असते, त्यामुळे पाण्याने तिचे काही बिघडत नाही. मोटरीच्या बुडाशी रबराचा एक पडदा असतो. बाहेर दाब वाढला की तो आत दबतो, आत पाणी तापून फुगले की बाहेर फुगतो आणि दोन्हीकडचा दाब सारखा राहतो. दाबात फरकच नसेल, तर सीलला फक्त वाळू अडवण्याचे काम उरते. तुमच्या ॲक्च्युएटरची मोटर पाण्यात चालणार नाही, पण पाण्याऐवजी तेल भरून हीच युक्ती करता येईल. जाड सीलंट आणि पेटी यांच्या मागे लागू नका.

ओ_रिंग

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त ‘आयपी ६६’बद्दल एक खुलासा. त्यातील दुसरा ६ हा जोराच्या फवाऱ्यापासून संरक्षण सांगतो, बुडण्याशी त्याचा संबंध नाही. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि ८ म्हणजे उत्पादकाने स्वतः ठरवून लिहिलेली खोली व वेळ. ती लिहिलेली नसेल, तर त्या ८ ला अर्थ नाही. तुमच्या ॲक्च्युएटरचे झाकण ८ बाय १० सेंटिमीटरचे धरले, तर सहा मीटरवर त्यावर ४८ किलो आणि २० मीटरवर १६० किलो भार येतो. प्लास्टिकचे सपाट झाकण त्याखाली मधून दबते, कडांना उचलले जाते आणि वर लावलेले सिलिकॉन सोलून निघते. शिवाय उन्हात ४५ अंशांपर्यंत तापलेली वस्तू २५ अंशांच्या पाण्यात टाकली की आतल्या हवेचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी उतरतो. म्हणजे खोली गाठण्याआधीच ती पाणी ओढू लागते.

माझी सूचना मात्र वेगळी आहे. विजेची वस्तू कवचाबाहेर ठेवायचीच कशाला? ॲक्च्युएटर आत कोरड्या जागी ठेवा आणि कवचातून फक्त एक फिरता शाफ्ट बाहेर काढा. पुढे-मागे सरकणारा दांडा प्रत्येक फेरीत बाहेरची कच सीलमध्ये ओढून आणतो. फिरता शाफ्ट ते करत नाही, म्हणून आतल्या बाजूला एक तरफ लावून सरळ हालचाल फिरती करून घ्यावी. भोसरीत हायड्रॉलिक सिलिंडरचा क्रोम केलेला दांडा तुकड्याने मिळतो आणि त्याचा पृष्ठभाग सीलसाठी उत्तम असतो. दोन नायट्राइल रबराच्या ओ-रिंग, त्यांच्यामध्ये ग्रीसची जागा, आणि दांड्याला आतून-बाहेरून कॉलर एवढे पुरेल. कॉलर विसरू नका, कारण २० मिलिमीटरच्या दांड्याला २० मीटरवर पाणी सव्वासहा किलोने आत ढकलते आणि दांडा निसटला तर मागे उरते ते २० मिलिमीटरचे भोक. ओ-रिंगऐवजी ओठाचे ऑइल सील लावले, तर स्प्रिंगची बाजू पाण्याकडे हवी. उलटे बसवलेले सील दाबाने उघडते, आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे.

खाणीतला_मासा (भोसरी)

दोघांचेही मनापासून आभार. सिलिकॉनला आंबट वास होता, आणि मी तो नवेपणाचा वास समजत होतो!

ॲक्च्युएटर आत घेण्याची सूचना पटली, पण मागच्या टोकाला बॅलास्ट टाकीमुळे (बुडण्यासाठी पाणी भरायच्या टाकीमुळे) हात जाण्याएवढीही जागा नाही. त्यामुळे निदान या ॲक्च्युएटरला तेल भरूनच पाहावे लागेल. साध्या ब्रशच्या मोटरीत तेल चालते का, कोणते भरावे, आणि रबरी पडद्याच्या जागी सायकलची ट्यूब चालेल का?

गोदीकर

मी जहाजदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालो आहे. तेल भरलेली उपकरणे पुष्कळ हाताळली आहेत, म्हणून थोडे लिहितो.

ब्रशची मोटर तेलात चालते. अमेरिकेत हौसेने एक-दोन माणसांच्या पाणबुड्या बांधणारी मंडळी मासेमारीच्या होडीच्या छोट्या विजेच्या मोटरी तेल भरून प्रोपेलरसाठी वापरत आली आहेत. मात्र फार वेगाने फिरताना कार्बन ब्रश तेलाच्या थरावर उचलला जातो, ठिणग्या पडतात आणि कार्बनच्या भुकटीने तेल काळे होते. तुमचा ॲक्च्युएटर एका वेळी पंधरा-वीस सेकंदच चालणार असल्यामुळे हा त्रास सोसण्याजोगा आहे. वर्षातून दोनदा तेल बदला. तेल पातळ हवे. ट्रान्सफॉर्मरचे नवे, स्वच्छ खनिज तेल चालेल. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेले तेल फुकट मिळाले तरी घेऊ नका, त्यात पीसीबी हे विषारी रसायन असू शकते.

सायकलची ट्यूब बहुधा ब्युटाइल रबराची असते आणि खनिज तेलात ते रबर फुगून लिबलिबीत होते. ईपीडीएम जातीच्या रबराची गतही तीच. खनिज तेल असेल तर पडदा आणि सगळ्या ओ-रिंग नायट्राइलच्या हव्यात. ट्यूबच वापरायची असेल तर सिलिकॉन तेल भरा, पण ते बरेच महाग पडते.

पडदा केवढा हवा, याचा हिशेब आधी करा, कारण बहुतेक लोक तिथेच फसतात. दांडा पूर्ण बाहेर गेला की ३.१४ चौरस सेंटिमीटर गुणिले १५, म्हणजे सुमारे ४७ मिलिलिटर जागा आत रिकामी होते आणि तेवढे तेल पडद्याच्या पिशवीतून यावे लागते. तापमान २५ अंशांनी उतरले तर लिटरभर तेल सतरा-अठरा मिलिलिटरने आक्रसते. आणि भरताना १०० मिलिलिटर हवा गिअरांच्या मागे अडकून राहिली असेल, तर २० मीटरवर तिची ३३ मिलिलिटर होते, म्हणजे आणखी ६७ मिलिलिटर तेल लागले. बेरीज १३० च्या वर गेली. पिशवी २०० ची घ्या, आणि हवा मुळातच राहू नये म्हणून ॲक्च्युएटर उभा धरून, हलवून, हातपंपाने निर्वात करून दोन-तीनदा भरा. पिशवी रिकामी पडली की त्या क्षणापासून तुमचा ॲक्च्युएटर पुन्हा हवेच्या डब्यासारखा वागतो. पिशवीवर हलकी स्प्रिंग ठेवून आतला दाब बाहेरच्यापेक्षा ०.२ किलोने जास्त ठेवला, तर गळती झाली तरी तेल बाहेर येईल, पाणी आत जाणार नाही. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला की आपल्याला आपोआप कळते.

आतल्या इतर भागांकडेही पाहा. हवाबंद मायक्रोस्विच दाबाने चेपतो, उघडा असेल तर तेलाने भरून सुखाने चालतो. जागा सांगणारा पोटेन्शियोमीटर तेलात अडखळत वाचन देतो, चुंबकावरून जागा ओळखणाऱ्या हॉल सेन्सरला काही होत नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असलेला कोणताही बोर्ड तेलात ठेवू नका, तो कवचाच्या आतच असू द्या. वाइंडिंगवाल्यांनी सांगितलेली बुशी तेल भरल्यावर अधिकच आवश्यक होते, कारण मग तीच वाट धरून तेल तुमच्या रिले बोर्डावर येईल.

बॅटरीचे ऋण टोक कवचाला जोडलेले असेल तर आजच सोडवा. दोन्ही तारा कवचापासून अलग हव्यात आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक धन तारेला बॅटरीपाशी फ्यूज हवा. कवच जोडलेले असले की बाहेरच्या एका ओल्या सांध्यातून प्रवाह कवचात फिरतो आणि धन टोकाचे तांबे बघता बघता विरघळते. अलग ठेवले तर कवच आणि प्रत्येक टोक यांच्यामध्ये मीटर लावून गळती शोधता येते. धन टोक आणि कवच यांमध्ये व्होल्टेज दिसले, तर गळती ऋण बाजूला आहे. ऋण टोकापाशी दिसले, तर धन बाजूला.

शेवटी तुम्ही न विचारलेले. पाणी शिरणे आणि वीज जाणे या दोन घटना पाण्याखाली एकमेकींना ओढून आणतात. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची थ्रेशर ही पाणबुडी १२९ माणसांसह बुडाली. खाऱ्या पाण्याच्या पाइपचा सांधा फुटून फवारा विजेच्या यंत्रणेवर गेला आणि अणुभट्टी बंद पडली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष होता. म्हणून माणूस बसवण्याच्या आधी वर येण्याची निदान एक सोय अशी करा की जिला विजेचा एकही थेंब लागणार नाही : हाताने फिरवायचा हवेचा व्हॉल्व्ह आणि आतून सोडता येणारे वजन.

वाइंडिंगवाला_मिरज

चाचणीबद्दल राहिले होते. नवी बुशी खाणीत नेऊन तपासू नका, दुकानातच तपासा. नव्या केबलचा सांधा मिठाच्या पाण्याच्या बादलीत चोवीस तास बुडवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) तार आणि पाणी यांच्यामध्ये मोजा. आकडा शेकड्यांनी मेगओहम यायला हवा. पहिल्या दिवशी ५००, दुसऱ्या दिवशी २०० आणि तिसऱ्या दिवशी ६० असा उतरत असेल, तर पुढची वाट न पाहता सांधा कापून टाका. मेगर लावताना दुसऱ्या टोकाचा बोर्ड सोडवलेला असावा, नाहीतर बोर्ड जळेल आणि दोष माझ्यावर येईल.

दाबासाठी प्लंबरकडचा हायड्रो टेस्टचा हातपंप आणा. दोन्ही टोकांना फ्लँज (बोल्टने आवळायच्या तबकड्या) असलेल्या जाड पाइपात ॲक्च्युएटर ठेवून पाइप पाण्याने काठोकाठ भरा आणि २० मीटरच्या दीडपट, म्हणजे ३ किलोपर्यंत दाब न्या. आत हवा अजिबात नको आणि कॉम्प्रेसर तर जोडूच नका. पाणी दबत नाही, म्हणून पाइप फुटला तर नुसता गळतो. हवा असेल तर तो स्फोट असतो.

खाणीतला_मासा (भोसरी)

पाच आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे.

आठ इंची पाइपाला फ्लँज लावून भांडे केले. कुतूहल म्हणून आधी जुनीच केबल, जुन्या ग्लँडसकट, फ्लँजमधून बाहेर काढून लावली आणि बाहेरच्या टोकाशी टिपकागद ठेवला. ३ किलो दाबावर अकराव्या मिनिटाला कागदावर हिरवट कडा असलेला गोल डाग उमटला. मग पितळी स्टडची बुशी लावली. पहिली बुशी दीड तासात गळली. कापून पाहिली, तेव्हा कळले की इपॉक्सी मी एकाच थरात ओतले होते आणि मध्ये केसाएवढी तड गेली होती. दुसरी तीन थरांत भरली. तिचा कागद चोवीस तासांनीही कोरडा राहिला, आणि दाब दहा वेळा चढवून-उतरवूनही काही फरक पडला नाही.

ॲक्च्युएटरमध्ये खनिज तेल भरले, पिशवी नायट्राइलची. हवेत तो २.४ अँपिअर घेत होता, तेलात ३.१ घेतो. पूर्ण हालचालीला पंधराऐवजी एकोणीस सेकंद लागतात, पंखांसाठी ते चालण्यासारखे आहे. खाणीत १२ मीटरवर चाळीस मिनिटे चालवला. चित्रफितीत रिलेचा स्क्रू कोरडा आहे. बॅटरीचे ऋण टोक खरोखरच कवचाला जोडलेले निघाले, ते सोडवले.

एकच शंका उरली आहे. पंख वापरून झाल्यावर दांड्याजवळ पाण्यावर रुपयाएवढा तवंग दिसतो, पुढे वाढत नाही. सील बदलावे का?

गोदीकर

दांडा आत-बाहेर करताना अंगावर तेलाचा पातळ थर घेऊन जातो, तो धुतला जातो आहे. पिशवीतले तेल दर वेळी मोजून वहीत लिहा. चाळीस मिनिटांत दोन-तीन मिलिलिटर जात असेल तर राहू द्या. दहाच्या वर गेले तर सील बदला, आणि तेव्हा दांड्यावर नखाने उभी रेघ लागते का तेही पाहा.